आजीचं तोंड, आप्पांचा हात

सोनई, ता. १२ जानेवारी १९४६

चि. सौ. कां. सरोजिनीस आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. तुझी आई माहेरी देवळालीला गेलीय, म्हणून तुझ्या बापानेच वाचून दाखवलं आणि हे उत्तरही तोच लिहितोय. मार्च लागताच तुझी गाण्याच्या पदवीची शेवटची परीक्षा, आणि ती म्हणे कागदावर नाही, नाट्यगृहात लोकांपुढे पाऊण तास गाऊन द्यायची. बरं, त्या पाऊण तासात ओळी किती, तर दोन. अगं, चार वर्षं विद्यालयात घालवून दोनच पाठ झाल्या? आपली लंकाबाई एका बारशाला वीस पाळणे म्हणते आणि वर घुगऱ्याही संपवते.

दिवाळीत तू म्हणून दाखवलंस त्यातली बाई म्हणते, सासू जागी, नणंद जागी, मी येऊ कशी. वीस मिनिटं तेच. तेवढ्या वेळात शहाणी बाई जाऊन परत आली असती. (इथे तुझ्या बापाचा टाक थांबला. मी म्हटलं, हेडमास्तर असशील शाळेत, इथे सांगते ते लिही.)

चिंचा खाऊ नकोस. ज्येष्ठमध पाठवलाय.

तथापि कुलीन कन्येने तिकीट लावलेल्या सभागृहात गायन करणे उचित नव्हे. शेवगावच्या ज्या स्थळाशी बोलणी चालू आहेत, त्या मंडळींनीही नापसंती दर्शविली आहे. सबब विद्यालयाने धाडलेल्या पालकांच्या संमतीपत्रावर सही होणार नाही. परीक्षेस न बसता त्वरित निघून यावे, अशी माझी आज्ञा आहे.

गळ्याला शाल गुंडाळून नीज. आहे ती माया तशीच ठेव.

तुझी आजी


पुणे, ता. २० जानेवारी १९४६

ती. आजीस सरोजिनीचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र पोस्टातून आलेलं नाही. आपल्या गल्लीतले कानिफनाथकाका गूळ घेऊन पुण्याला आले होते, त्यांच्या हाती देते आहे. आप्पा शाळेत असताना त्यांच्याकडूनच वाचून घे.

तुझ्या पत्रात ज्येष्ठमधापर्यंत तू ऐकू आलीस. पुढे कोणी भलतंच बोलू लागलं. आजी, तू जन्मात कधी ‘सबब’ म्हणाली आहेस? मला आज्ञा तरी कधी केलीस? शिव्या दिल्यास, त्या मी मानल्या. त्या परिच्छेदात लिहिलंय की लोकांपुढे गाणं बरं नव्हे, शेवगावच्या मंडळींना पसंत नाही, संमतीवर सही मिळायची नाही, परीक्षा सोडून घरी ये. हे तू सांगितलंस का?

संमतीचा कागद दहा फेब्रुवारीच्या आत इथे आला नाही, तर नाव कमी होईल आणि चार वर्षं पाण्यात जातील. तरीही तुझंच मत तसं असेल, तर तुझ्या शब्दांत कळव. मी निमूट येईन. तुझ्या तोंडचं ‘नको’ मला सोसेल.

लंकाबाई वीस पाळणे एका चालीत म्हणते. आम्ही एक ओळ वीस तऱ्हांनी म्हणतो. झाली ना बरोबरी?

तुझ्या शिव्यांची वाट पाहणारी,
सरोजिनी


सोनई, ता. २९ जानेवारी १९४६

चि. सौ. कां. सरोजिनीस आशीर्वाद. वि. वि.

अक्षर तुझ्या बापाचंच आहे, घाबरू नकोस. शेजारी कानिफनाथ बसलेत. एक वाक्य झालं की ते मोठ्याने वाचतात, मी मान हलवते, मग पुढचं.

ते ‘सबब’ माझं नाही. बापाला विचारलं. आधी म्हणाला, मुलीच्या भल्यासाठी. मग म्हणाला, चूक झाली. मी त्याला एवढंच म्हटलं, “मला अक्षर येत नाही म्हणून हात तुझा घेते. तोंड माझंच आहे.” हे लिहायला त्याला बराच वेळ लागला. कानिफनाथांनी दोनदा वाचलं.

माझं मत विचारशील तर तुझं गाणं लांबतं. पण गा. नको म्हणायचं असतं तर दिवाळीतच म्हटलं असतं.

आता सहीचं. तो म्हणाला, मी सही करणार नाही. मी म्हटलं, नको करूस. कानिफनाथांनी कागद वाचला, तर त्यावर लिहिलेलं, पालकाची सही अथवा अंगठा. या घरात त्याचीही पालक मीच. रकाने मात्र त्यानेच भरले. हेडमास्तर आहे, मोकळा रकाना त्याला बघवत नाही. व्यवसाय काय म्हणून विचारलं त्याने. म्हटलं, लिही, हेडमास्तरांची आई. शाळेचीच शाई लावून अंगठा उठवलाय. जरा पसरलाय, जोरात दाबला.

शेवगावकरांनाही कळवलंय, की पाऊण तास ऐकवत नसेल तर जन्मभर तिचं कसं ऐकाल.

माझे गुडघे पुण्यापर्यंत यायचे नाहीत. बापाला धाडते. पुढच्या रांगेत वही घेऊन बसायचं, झालं तसं लिहायचं आणि मला वाचून दाखवायचं, अशी बोली आहे. पदरचा शब्द घालायचा नाही.

भिऊ नकोस, आणि भ्यालीस तरी गा.

तुझी आजी


पुणे, ता. ४ मार्च १९४६

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

परवा परीक्षा झाली. परीक्षक तिघे होते, पण मला भीती चौथ्याची. आप्पा पहिल्या रांगेत, मांडीवर वही, हातात पेन्सिल. डोळे मिटले तरी पेन्सिल दिसायची. षड्ज बसेना. दोनदा सम चुकली. तबलजींनी मान हलवली, ती काही दाद नव्हती.

मग तीच सासू-नणंदेची ओळ आली आणि तुझी शहाणी बाई आठवली. भर मंचावर हसू फुटायला आलं. ते दाबायला लांब तान घेतली, तर गळाच मोकळा झाला. पुढचा अर्धा तास कसा गेला, कळलं नाही.

बाहेर आप्पा उभे होते. गाडीची वेळ झाली, एवढंच म्हणाले आणि निघाले. निकाल महिनाअखेर आहे. त्याआधी हे कळव, त्यांनी वहीत काय लिहिलंय? रागावलेत का?

तुझ्या आशीर्वादावर विसंबलेली,
सरोजिनी


सोनई, ता. ९ मार्च १९४६

चि. सौ. कां. सरोजिनीस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र कानिफनाथ लिहितायत. बाप घरातच आहे, पण विषय त्याचाच.

आला त्या दिवशी त्याला जेवूसुद्धा दिलं नाही, म्हटलं आधी वाच. त्याने वही उघडली. तारीख, वार. साडेपाचला सुरुवात. माणसं अंदाजे दोनशे, बायका तीसेक. मुलगी घाबरलेली दिसते. दोनदा चुकली असे तबलेवाल्याच्या चेहऱ्यावरून वाटते. मी म्हटलं, पुढे? तर वही मिटून घेतली. मला काय कळणार, म्हणून कानिफनाथांना पानं उलटून बघायला लावलं. सगळी कोरी.

खाली बघत म्हणाला, “आई, लिहायचं राहून गेलं.”

माझ्या पत्रात न सांगितलेलं घालणारा हा माणूस, आणि सांगितलेलं लिहायचं त्याच्याकडून राहिलं. मी उठले. ताट वाढलं.

आज सकाळपासून कानिफनाथांच्या मागे घुटमळतोय. दोन शब्द माझेही घाला म्हणतो. मी सांगितलं, माझ्या पत्रात नाही. पोस्टात कार्डं मिळतात, हात तुझा आहे, या वेळी तोंडही तुझंच लाव. आत्ता टोपी घालून तिकडे गेलाय.

त्याचं कार्ड आलं की लगेच उत्तर दे. मला मागाहून दिलंस तरी चालेल.

तुझी आजी