ऑरिनला विचारायचं राहिलं ते

ऑलिंपिया,
रविवार, २२ जानेवारी २०१२

प्रिय लव्हॉन वहिनी,

तू पाठवलेला क्रॅनबेरीचा मुरंबा मिळाला. बर्फाच्या वादळानं इथं तीन दिवस वीज नव्हती, तेव्हा पावाला तोच लावून खाल्ला. छपरावर एक फांदी पडली, बाकी मी ठीक. तुमच्या खाडीवर फार गोठलं नसेल, अशी आशा करते. कुत्रीचा पाय बरा आहे ना?

गुरुवारी तू विधिमंडळाच्या समितीपुढं बोलणार आहेस. मी तुझ्या मागच्या खुर्चीत बसावं, असं तू तीनदा फोनवर सांगितलंस आणि तीनदा मी "बघते, पेशंट आहेत," म्हणाले. गुरुवारी मला एकही पेशंट नाही.

तू सगळ्यांना सांगतेस की जीव द्यायच्या आधी ऑरिननं कुणाला काही कळूच दिलं नाही. दफनाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर माझा हात धरून म्हणालीस, "तुला दिसला असता तर तू ओळखलं असतंस, मार्ना. तुझं तर कामच ते." मी मान डोलावली.

मला तो दिसला होता, वहिनी.

अकरा ऑक्टोबरला, मंगळवारी. जायच्या नऊ दिवस आधी. तुला त्यानं पंपाचा भाग आणायला जातो असं सांगितलं होतं. भर दुपारी तो माझ्या दवाखान्यात आला, बुटांना चिखल तसाच, आणि पेशंटच्या खुर्चीत बसला.

"काय गं, इथं लोक रडायचे पैसे देतात म्हणे?"

"सख्ख्या भावाला फुकट," मी म्हणाले.

तो हसला, आणि मग एकदम बोलत सुटला. तीन वर्षं कालवांचं बियाणं मरतंय. ओहोटी लागली की चिखलात उतरायचं आणि रिकाम्या शिंपल्या उपसायच्या. मग म्हणाला, "मी नसतो ना, तर लव्हॉननं ती जागा विकून केव्हाच सुटका करून घेतली असती."

समुपदेशनाचा माझा एकोणीस वर्षांचा परवाना त्याच्या डोक्यामागं भिंतीवर टांगलेला होता. आणि मी विचारलं काय? हसत हसत म्हणाले, "अरे, काही वेडंवाकडं तर नाही ना तुझ्या डोक्यात?"

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. "छे गं. तू पण!"

मला हायसं वाटलं. कॉफी दिली. नीट झोपत जा म्हणाले. तो गेला.

आता दुसरं. डिसेंबरात आमच्या समुपदेशकांच्या संघटनेनं तू मागतेस त्या सक्तीच्या प्रशिक्षणाच्या कायद्याविरुद्ध एक पत्रक काढलं. आम्ही जाणकार आहोत, आत्महत्या कशा रोखाव्यात हे आम्हाला कुणी सक्तीनं शिकवायला नको, असं. खाली ऐंशी सह्या आहेत. त्यात माझी आहे. गुरुवारी ते तुझ्या समोरच्या टेबलावर असेल.

भावाला पुरल्यावर मी ती सही केली. कारण शिकायची गरज होती म्हटलं, तर मला येत नव्हतं हेही मानावं लागतं. त्यापेक्षा कुणाच्याच हातात काही नव्हतं, हे बरं वाटत होतं.

तरी या महिन्याच्या सुरुवातीला टॅकोमाला ते प्रशिक्षण घेऊन आले. कुणाला न सांगता, चोरून जावं तशी. शिकवणारी बाई म्हणाली, "'नाही ना?' असं विचारू नका. तुम्हाला काय ऐकायचंय ते माणसाला कळतं, आणि तो तेच ऐकवतो." मग जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला याकिमाच्या शाळेतला एक समुपदेशक आला, एउसेबिओ नावाचा. तो पेशंट, आणि मी त्याला सरळ विचारायचं. दोनदा माझा आवाजच फुटला नाही.

"सावकाश, बाई. मी कुठं पळून नाही चाललो," तो म्हणाला.

तिसऱ्यांदा जमलं. दोन पदव्या आणि एकोणीस वर्षं, आणि ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून निघालं. तो "हो" म्हणाला. पुढं काय करायचं तेही त्यांनी शिकवलं. अवघड नाही गं ते. हेच मला खातंय.

सही मी शुक्रवारी मागं घेतली. गुरुवारी मी तुझ्या मागं नाही, समितीपुढं बसेन आणि हे सगळं सांगेन. तू ते आधी माझ्याकडून ऐकावंस, म्हणून हे लिहिते आहे.

पण आणखी एक आहे. सकाळी फोनवर तू म्हणालीस, "गुरुवार उरकला की माझं काम संपलं. मग काही नाही." आणि मी म्हणाले, "हो, जरा विश्रांती घे." फोन ठेवल्यावर कळलं, मी पुन्हा विचारलंच नाही.

म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही. आत्ताच निघते, दीड तासात तुझ्या दारात असेन. वाच. रागाव, घराबाहेर काढ, मी पायरीवर बसून राहीन. पण तुझ्या तोंडाकडं बघून विचारणार आहे: आत्महत्या करायचा विचार तुझ्या मनात येतोय का? "हो" म्हणालीस तर ऐकून घेईन आणि मदत मिळेपर्यंत तुला एकटं सोडणार नाही. कपड्यांची बॅग गाडीत टाकली आहे.

माफी मागायला तोंड नसलेली, तरी तुझीच नणंद,
मार्ना