काजलच्या मापाचा बोर्ड

६ एप्रिल, रविवार
काजलला सर्फिंग शिकायचं आहे. काजल माझी भाची, वय चौदा, मुक्काम नागपूर. इथून कुठेही निघालं तरी समुद्र रेल्वेच्या एका रात्रीपेक्षा जवळ नाही. पण मे महिन्यात पुरीजवळ एका सर्फिंग शाळेचा कोर्स आहे. कामिनीताईने, म्हणजे काजलच्या आईने, एकच अट घातली. घरचं कुणीतरी मोठं माणूस पोरीसोबत पाण्यात हवं. काठावर नाही, पाण्यात. नाहीतर कॅन्सल. तिला बँकेतून सुट्टी नाही. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, जाईन की.

मला पोहता येत नाही, हा तपशील आहे. उद्यापासून स्विमिंग पूल.

खरा प्रश्न बोर्डचा. पहिला बोर्ड चुकला की मुलं सर्फिंगच सोडतात, असं वाचलं. रंग बघून बोर्ड घेणं माझ्या देखरेखीखाली होणार नाही. मी कोराडीला वीज केंद्रात बॉयलर मेंटेनन्सला आहे. मला लिटर कळतात.

९ एप्रिल
पूल राहिला. पाण्यात क्लोरीन किती, हे फलकावर लिहिलेलं नव्हतं. अशा पाण्यात मी उतरत नाही.

बोर्डचं गणित सुरू. नवशिक्याचं वजन जितके किलो, त्यापेक्षा जास्त लिटरचा बोर्ड हवा. मग तो नीट तरंगतो, डुगडुगत नाही. वरून मऊ फोम, म्हणजे डोक्यात बसला तरी निभावतं. काजलकडे मापं मागितली. लगेच आली: बासष्ट किलो, पाच फूट पाच. गंमत म्हणजे माझीही हीच आहेत. आमच्या घराण्याची हाडंच जड. रविवारी ती माझ्या खांद्याला लागत होती, पण मी डोळ्यांपेक्षा डेटावर विश्वास ठेवते.

१३ एप्रिल
काजल आली होती. सात फुटी की आठ फुटी, यावर मी तिला बराच वेळ समजावून सांगितलं. ती म्हणाली, आठ घे. मी विचारलं, काहून? तर म्हणे, मावशी, पाण्याची भीती वाटून राहिली ना, मग मोठाच बरा.

वरून धीट दिसते, पण पोर आतून घाबरली आहे. मी तिला धीर दिला. तिला त्यावर बराच वेळ खोकला येत होता.

जाताना विचारलं, पूल कसा चाललाय? मी तिला बोर्डखालच्या फिन नावाच्या पात्याबद्दल सांगितलं.

२१ एप्रिल
टोपी आणि पोहण्याचा चष्मा घेतला. चष्मा बादलीत तोंड घालून तपासला. थेंबभर पाणी आत आलं नाही. म्हणजे तयारी अर्धी झाली. आईने बाथरूमच्या दारातून विचारलं, काय करून राहिली वं? मी म्हटलं, टेस्टिंग.

शिवाय बोर्ड नीट निवडला की पोहण्याची गरज बरीच कमी होते. बुडायला आधी बोर्डवरून पडावं लागतं.

२८ एप्रिल
बोर्ड आला. आठ फुटी, गुलाबी. दुसरा रंग शिल्लक नव्हता. लिफ्टमध्ये मावला नाही, जिन्याने चढवला. शेजारचे ओमप्रकाशकाका वरच्या पायरीवर उभे राहून विचारतात, बेटा, एवढा मोठा इस्त्रीचा टेबल? पूरे मोहल्ले की इस्त्री करणार का? मी हसले नाही. बोर्ड तिरका करून वर गेले.

आई म्हणाली, हॉलमध्ये कूलरसमोर ठेव, गारव्यात राहील. मी तिला सांगितलं की कूलरचा दमटपणा फोमला बरा नाही. (हे कुठे वाचलं ते आठवत नाही.) बोर्ड काळ्या प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळला आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. सुरक्षित.

८ मे
आज पंचेचाळीस अंश. आई वाळलेल्या मूगवड्या आणायला गच्चीवर गेली आणि तिथूनच हाक मारली, ये वं, तुझ्या पाटाले काहीतरी झालं.

प्लास्टिक काढलं. बोर्डच्या मधोमध फोम सुटून हा एवढा फुगा आला होता. बोटाने दाबला तर दबतो, सोडला की परत येतो.

बॉयलरजवळच्या पत्र्याला असं झालं असतं, तर मी उभ्या उभ्या कारण सांगितलं असतं. हा बोर्ड मात्र सदोष निघाला. आईच्या मते काळ्या प्लास्टिकमध्ये मे महिन्याच्या उन्हात आणखी काय होणार. मी म्हटलं, ते इतकं सोपं नसतं. ती म्हणाली, समुद्र राहिला पुरीला आणि याची इथंच पुरी झाली. मग त्यावर वड्यांचं फडकं पसरून खाली गेली.

काजलला फोनवर कळवलं. तिला वाईट वाटेल म्हणून जपून बोलले. तिचं पहिलं वाक्य, अरेरे, आता तुझं कसं होईल? स्वतःपेक्षा माझी काळजी. गुणी मुलगी.

१९ मे, पुरी
आम्ही तिघी आलो. आई जगन्नाथासाठी. शाळेकडे स्वतःचे बोर्ड ढिगाने आहेत. हे कुणी आधी सांगायला हवं होतं.

आज पहिला दिवस. लाटा समजून घेतल्याशिवाय उतरणं अशास्त्रीय, म्हणून मी वाळूवर बसून निरीक्षण केलं. काजल शेजारी बसली. शिकवणारी मुलगी दोनदा बोलवून गेली. काजल म्हणाली, आईला शब्द दिला आहे, मावशी पाण्यात असेल तरच. मी सुचवलं, घोट्यापर्यंतचं पाणीही पाणीच. तर म्हणे, आई व्हिडिओ कॉलवर घोटा ओळखते.

माझी आई साडी खोचून कंबरभर पाण्यात. तिथून ओरडून राहिली होती, ये वं भैरवी, खात नाही समुद्र!

बाकीची मुलं संध्याकाळपर्यंत बोर्डवर उभी राहायला लागली. काजल बघत होती. भांडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती भांडली नाही.

उद्या उतरणार. निरीक्षण पुरेसं झालं.

२० मे, पुरी
उतरले.

बोर्ड देताना वजन विचारलं. काजल म्हणाली, चव्वेचाळीस. मी दुरुस्ती केली, बासष्ट. काजल म्हणाली, मावशी, बासष्ट तू आहेस.

मग सगळं ऐकवलं. शाळेत बोर्ड मिळतात हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझ्यासाठी घे म्हटलं असतं तर तू बोर्ड कधीच घेतला नसतास आणि पाण्यापर्यंतही आली नसतीस, म्हणाली. म्हणून मापं तुझी दिली. आणि तू बादलीत पोहत होतीस, हेही आजीने सांगितलं.

तिला सात फुटी मिळाला, मला आठ फुटी. माझं गणित अचूक होतं. माणूस चुकलं.

बोर्डवर पालथी पडले. काजलने मागून ढकललं आणि ओरडली, उठ मावशी, उठ! उठले नाही. पोटावर थेट वाळूपर्यंत आले. लाट फूटभर असेल. पाणी नाकातून कुठवर गेलं ते सांगता येत नाही. ओरडत होतं ते कोण, असं मी आईला विचारलं. ती म्हणाली, तूच.

काजल तिसऱ्या लाटेला उभी राहिली. लांबपर्यंत गेली. मी पाहिलं, पाण्यातून.

नागपूरला परतल्यावर सोमवारपासून पूल. काजलने सोबत यायचं आहे. काठावर नाही, पाण्यात. नाहीतर कॅन्सल.