चमकती तार, निळी रेघ

३ मार्च, सोमवार

नाही म्हणजे नाही! दातांच्या डॉक्टरांना तोंडावर सांगितलं — मी गाडीत आवाज बसवतो, रोषणाई नाही. गाडीत गाणं ऐकायचं असतं की सर्कशीचा तंबू ठोकायचा असतो?

डॉक्टर शांत. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून बसणारा माणूस, त्याला कसली घाई? म्हणाले, "तेवीस तारखेच्या स्पर्धेत मला दोन्ही ढाली हव्यात. आवाजाची आणि सजावटीची."

आवाजाची ढाल सलग सात वर्षं माझ्या गाड्यांनी आणलीय. सजावटीची समोरच्याची. समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचं दुकान. त्याच्याकडची गाडी भर दुपारीसुद्धा लुकलुकते. मला 'काका' म्हणतो. त्याचाच जास्त राग येतो.

बाजारात मला कानसेन म्हणतात. उगाच नाही. गेल्या वर्षी पियानो शिकवणाऱ्या बाईंची गाडी केली. कडक बाई, सुराला पक्की. म्हणाल्या, "इतका गोड आवाज मी घरीसुद्धा ऐकला नाही." हे माझ्या दोन कानांचं काम. तिथे तारा आणि दिवे कशाला?

सकाळी हिचं पुन्हा तेच — कपडे धुण्याचं मशीन कधीच थांबलंय, कपडे का नाही काढलेत? अगं, शिट्टी वाजली तर काढीन ना! मशीनची शिट्टी बिघडलीय. रविवारी उघडून बघतो.

४ मार्च, मंगळवार

हो म्हणालो. "बरं, मग समोर विचारतो," असं म्हणत डॉक्टर चपला घालायला लागले आणि माझ्या तोंडून हो निघून गेलं!

हिला सांगून टाकलं — ह्या वर्षी आवाजाची ढाल गेली तर पाटी उतरवीन आणि घरी बसेन. म्हणाली, "घरी बसलात तर निदान कपडे तरी काढाल."

६ मार्च, गुरुवार

तार आली. बुटाच्या नाडीएवढी जाड, हवी तशी वळते. सोबत काड्यापेटीएवढी एक डबी. डबी गाडीच्या बॅटरीला जोडली की अख्खी तार निळी उजळते, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. गरमही होत नाही. मनात म्हटलं, वा! तोंडाने म्हटलं, पोरखेळ आहे सगळा.

मापाने कापली. कापलेलं टोक बंद करायचं राहिलं आणि तिथेच बोट लावलं. खांद्यापर्यंत मुंग्या! किंचाळलो. नेमका त्याच वेळी समोरचा दारात. "काका, टोकाला टोपी घालायची असते."

घालतो की! मला शिकवतोय!

७ मार्च, शुक्रवार

डिकीतल्या स्पीकरच्या पेटीभोवती तार चिकटवायला घेतली. अर्धा दिवस गेला. दारू पिऊन ओढलेली रेघ बरी, अशी नागमोडी. उपटली. पुन्हा चिकटवली. पुन्हा उपटली. डिंक माझ्या भुवईला.

ही दुकानाच्या मागच्या अर्ध्या भागात शिवणयंत्रावर बसते. सीट शिवणं, पेट्यांना रेक्झिन चढवणं तिचं खातं. उठून आली, तार बोटाभोवती फिरवली आणि म्हणाली, "अहो, ही तर पायपिंग!" निळ्या खडूने रेक्झिनवर रेघ मारली. पारदर्शक पट्टीत तार दुमडून घेतली आणि उशीच्या कडेला दोरी घालतात तशी शिवून मोकळी झाली. कोपरेसुद्धा गोल! बटण दाबलं.

मी चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं.

"काहीतरी बोला की."

"ठीक आहे," म्हटलं. फारच ठीक होती. पण लगेच कशाला डोक्यावर बसवायचं.

८ मार्च, शनिवार

डॉक्टर पाहायला आले. तार लावून दाखवली. हरखले. आणि मग भुवया आक्रसल्या.

"हा आवाज कसला?"

"कुठला?"

"ईईईई असा. बारीक. त्या डबीतून येतोय. अगदी माझ्या दात कोरायच्या यंत्रासारखा! अहो, दिवसभर तेच ऐकतो मी. गाडीतही तेच?"

डबीला कान लावला. डावा लावला, उजवा लावला. काही नाही. ठार शांतता! धंद्यामुळे होतो असा भास, बिचाऱ्याचा दोष नाही. तरी म्हटलं सोक्षमोक्ष लागू दे. हिला हाक मारली. "सांग ह्यांना. येतोय कसला आवाज?"

ही माझ्याकडे बघत राहिली. मग डॉक्टरांकडे, मग डबीकडे. म्हणाली, "मला तर बाई काही ऐकू येत नाही."

दोघे विरुद्ध एक. निकाल लागला! डॉक्टर कानात करंगळी घालून हलवत गेले.

९ मार्च, रविवार

मशीन उघडलं. शिट्टीची चकती बदलली. लावून पाहिलं, वाजत नाही. चकती नकली निघाली.

१० मार्च, सोमवार

सासूबाई दुकानात आल्या. त्यांना रोषणाई पाहायची होती. वय ब्याऐंशी, दोन्ही कानांत यंत्रं, जेवायला बोलवायचं तर टेबल वाजवावं लागतं. त्यांना मागच्या सीटवर बसवलं, तार पेटवली. "अगंबाई, किती छान!" आणि मग — "शिट्टी कोण वाजवतंय?"

हद्द झाली! म्हटलं, "आई, तुमच्या यंत्राची बॅटरी गेली." बदलली. "अजून वाजतेय." दुसऱ्या कानाची बदलली. "वाजतेच आहे." तार बंद केली. "आता थांबली." पुन्हा लावली. "आली!"

दोघी मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. ही घाईघाईने म्हणाली, "आई, तुझी यंत्रंच जुनी झालीत." मी तर केव्हाचं हेच सांगतोय!

११ मार्च, मंगळवार

हिने विचारलं, "ती डबी फोममध्ये गुंडाळून ठेवली तर?"

"कशाला?"

"उगाच. हलू नये म्हणून."

गुंडाळ बाई. फोम काय, दुलई घाल आणि थोपटून झोपव!

१२ मार्च, बुधवार

डॉक्टर आले. गाडीत बसले. "थांबला आवाज! काय केलंत?"

"काही नाही. तुमचे कान साफ झाले असतील."

हिला खोकल्याची उबळ आली. चांगली दोन मिनिटं खोकत होती. पाणी दिलं.

१५ मार्च, शनिवार

आज आवाज लावला. माझं खरं काम! स्पर्धेत प्लेअरची सगळी बटणं शून्यावर ठेवावी लागतात, सूर काय तो अँप्लिफायरवरच जुळवायचा. काचा वर, डोळे मिटून चार तास. बास पाचवर. ट्रेबल — म्हणजे वरचे, बारीक आवाज — साडेसातवर. वहीत लिहून ठेवलं, नेहमीसारखं. पूर्वी चारवर भागायचं. हल्ली सातच्या खाली झांज वाजतच नाही! स्पीकर पूर्वीसारखे बनत नाहीत, दुसरं काय.

आणि आजकाल बटणंही मळकी येतात. सर्व्हिसिंगला आलेली आमचीच एक जुनी गाडी उघडली, तर ट्रेबलच्या बटणाशी पुन्हा तो निळा डाग. बऱ्याच गाड्यांत पाहिलाय. कारखान्यात कोणी हात धुतो की नाही?

१६ मार्च, रविवार

मशीनला दुसरी चकती घातली. तीही नकली. बाजारात खरं काही मिळतच नाही!

२१ मार्च, शुक्रवार

ॲक्रिलिकचं झाकण आलं. अँप्लिफायर आणि डबी त्याखाली, कडेने निळी तार. देखणं! स्क्रूची टोकं वर दिसली असती, म्हणून पक्क्या गोंदाने चिकटवून टाकलं. केस जाणार नाही आत.

ही रद्दीचे कागद आणि फडकं घेऊन आली. गाडी द्यायच्या आदल्या दिवशी पुसायला ती एकटी बसते, काचा वर करून. अर्धा तास गाणी ऐकते. मी कधी बोलत नाही. तिचा तेवढाच विरंगुळा. उद्या तिला आईंना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय, म्हणून आजच आली. झाकण पाहिलं आणि चेहराच उतरला.

"बंद केलंत? चिकटवून?"

"मग! आता गाडी भंगारात गेली तरी उघडणार नाही."

"अहो, थोडं उघडता नाही का येणार? तेवढं... पुसून घेतलं असतं."

"आत धूळच नाही, पुसणार काय?"

गाडीत बसली. गाणं लावलं, लगेच बंद केलं. कपाळाला हात लावून बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, डोकं दुखतंय. पायपिंगवर फार मेहनत घेतली तिने.

२२ मार्च, शनिवार

झोप नाही. आठवी ढाल कुठे टांगायची? भिंतीला जागा नाही.

२३ मार्च, रविवार

लिहावंसं वाटत नाही.

सजावटीची ढाल मिळाली. मला! दहापैकी दहा. "शिवलेली तार आजवर पाहिली नव्हती," असं परीक्षक म्हणाले, वाकून वाकून कोपरे पाहिले. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. आवाजात आम्ही नववे. नऊच गाड्या होत्या.

कागदावर शेरा — "वरचे स्वर टोचतात. कान दुखले." एका परीक्षकाने तर गाणं संपायच्या आत दार उघडलं!

आवाजाची ढाल समोरच्याला. वाटलं, आता येईल चिडवायला. आला. पण चेहरा पडलेला. "काका, मी तुमच्या गाड्या ऐकून ऐकून कान तयार केला. पियानोवाल्या बाईंची गाडी म्हणजे लोणी. ही अशी कशी झाली?"

मेला, चिडवलं असतं तर बरं झालं असतं.

२४ मार्च, सोमवार

शिडी काढली. पाटीला हात घातला. ही खाली शिडी धरून उभी. "उतरा," म्हणाली, "जेवून घ्या, मग उतरवा." जेवलो. मग शिडी सापडेना. एवढी मोठी शिडी!

२५ मार्च, मंगळवार

पियानोवाल्या बाई आल्या. फ्यूज उडाला होता. बदलून दिला. मनात आलं, ऐकू तरी त्या लोण्याला. आमची जुनी वही काढली. माझ्याच अक्षरात — बास पाच, ट्रेबल सात.

बटण चारवर होतं.

"बाई, हे तुम्ही फिरवलंत?" "छे हो! तुम्ही लावलंत तसंच आहे, मी कशाला हात लावू?"

तर हा समोरच्याचा उद्योग! तरातरा रस्ता ओलांडायला निघालो. अर्ध्यात थांबलो. तो कशाला माझी गाडी सुधारून ठेवेल? परत आलो, टॉर्च घेऊन वाकलो. चार ह्या आकड्यासमोर निळा डाग. डाग कसला — रेघ होती. बारीक, सरळ, सरावाच्या हाताने मारलेली.

सर्व्हिसिंगची जुनी गाडी उघडली. वहीत साडेसात. बटण चारवर. निळी रेघ.

मागे शिवणयंत्र चालू होतं. टेबलावर कात्री, टेप आणि निळा खडू.

घरी आलो. मशीन लावलं आणि समोर खुर्ची टाकून बसलो. आतलं पाणी फिरायचं थांबलं. लाल दिवा लुकलुकायला लागला. मी ऐकत बसलो. आतल्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "अहो, ते मशीन कधीचं कोकलतंय!"

कपडे काढले. वाळत घातले. एक एक.

२६ मार्च, बुधवार

विचारलं, "कधीपासून?"

तिने शिवणयंत्र थांबवलं नाही. "तीन वर्षं झाली. मशीन शिट्टी मारायचं आणि तुम्ही ढिम्म. मला वाटलं, आळशी झालात. किती भांडले! मग एकदा पाहिलं, मशीनला टेकून पेपर वाचत होतात. ते कानाशी बोंबलत होतं आणि तुम्ही पान उलटलंत."

"सांगायचं नाही?"

"कानसेनला?"

लाज वाटली. फार वाटली. आणि का कोण जाणे, बरंही वाटलं.

दुपारी डॉक्टरांची गाडी परत आणली. ॲक्रिलिक छिन्नीने फोडलं. हिला पुढच्या सीटवर बसवलं, म्हटलं, मी फिरवतो, तू सांग. साडेसात. सहा. पाच. मला वाटलं, कोणी गाण्यावर गोधडी टाकली. ती डोळे मिटून बसली होती. चारवर म्हणाली, "हां."

थांबलो. खडू मागून घेतला. आजची रेघ मी मारली. वाकडी आली.