बारा वह्या

३ मार्च, सोमवार

ब्रँडबाईने आज परत झापलं! (हे नाव मीच ठेवलंय. ऑनलाइन धंदा कसा वाढवायचा ते शिकवते. तिला कळलं तर शिकवणी बंद.) म्हणे, "तुझ्या वह्या सुंदर आहेत गं, पण लोक वही बघत नाहीत, माणूस बघतात. तू दिसायला हवीस. तुझी गोष्ट काय? तुला आडवं कोण आलं?"

डोकं खाजवलं. कोणीच नाही! बाबांनी मांडीवर बसवून सुईत दोरा ओवायला शिकवलं. मामाने कामाला हॉल दिला. आईने पहिल्या सहा महिन्यांत माझ्यासोबत पुठ्ठे कापले. एवढी सुखाची गोष्ट की ऐकणाऱ्याला जांभई यावी.

मग आठवलं म्हणून सांगितलं, की एकोणीस वर्षांची असताना पहिली ऑर्डर मिळाली होती, बारा वह्यांची. बाबांनी हातात घेतल्या, पाहिल्या आणि ब्लेडने बाराच्या बारा माझ्यासमोर उसवल्या. "शिवण सैल आहे. परत शीव." मी रडत रडत परत शिवल्या. त्यांनी पाठीवरून बोट फिरवलं, वहीच्या आणि मग माझ्या.

ब्रँडबाई ओरडलीच. "थांब! उसवल्या म्हणजे फाडल्याच की! बाप स्वतः बाइंडर, आणि त्याने लेकीच्या वह्या फाडल्या. हेच!"

मी म्हटलं, तसं नव्हतं ते. ती म्हणाली, "तुला त्या दिवशी कसं वाटलं होतं ते सांग. तेवढंच."

५ मार्च, बुधवार

केला व्हिडिओ. हॉलमध्ये, खिडकीजवळ, मागे माझ्याकडे कामाला असलेल्या सहाजणी शिवताना दिसतील अशा बेताने. सात वेळा घ्यावं लागलं. पहिल्या वेळी "फाडल्या" म्हणताना जीभ अडखळली. सातव्या वेळी सहज आलं, आणि रडूही आलं. खरं रडू! "हे बाईमाणसाचं काम नाही" हे वाक्य आयत्या वेळी घुसलं. बाबा असं कधी म्हणाले नाहीत. पण जगात कोणीतरी म्हणालंच असेल.

"परत शीव" गाळलं. परत शिवल्या म्हटलं तर गोष्टीत काही राहत नाही.

९ मार्च, रविवार

चार लाख लोकांनी पाहिलं. चार लाख! मागच्या रविवारी माझे नऊशे फॉलोअर होते, त्यात निम्मे नातेवाईक. आज अडतीस हजार. मुली लिहितायत— माझेही बाबा असेच, माझंही चित्र फाडलं, माझाही अर्ज फाडला. दिवसभर उत्तरं दिली. "तू एकटी नाहीस." "तू धाडसी आहेस." बोटं दुखली.

एका मोठ्या स्टेशनरी कंपनीचा फोन आला. माझ्या नावाची, माझा फोटो असलेली वही काढायचीय. म्हणजे सहाजणींना वर्षभर काम, शिवाय आणखी चौघी लागतील. आम्ही हॉलमध्ये अक्षरशः नाचलो.

बाबांचा फोन साधा. त्यांच्यापर्यंत काही जायचं नाही.

१० मार्च, सोमवार

आईला शेजारणीने दाखवलं. भाजी चिरताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या तोंडून ऐकलं मी ते."

"बाबांना सांगू नकोस गं."

"त्यांनी माझ्याआधी पाहिलंय. ग्रंथालयाचे ग्रंथपाल खाली त्यांच्या दुकानात येऊन दाखवून गेले."

रात्री जेवायला बसलो. बाबांनी पाणी प्यायलं, भांडं खाली ठेवलं आणि म्हणाले, "आवाज स्पष्ट येतो तुझा." एवढंच! रागावले असते तर मी भांडले तरी असते.

१४ मार्च, शुक्रवार

कोणीतरी बाबांच्या दुकानाच्या पाटीचा फोटो टाकला. पत्त्यासकट. खाली लिहिलंय— 'एक फाटकी वही या बापाला.'

मी नीट न वाचताच त्यावर हार्ट टाकला. दिवसाला शेकडो टाकते, बोट आपोआप जातं. तासाभराने काढला. तोवर त्याचा फोटो काढून फिरवला होता लोकांनी. "तिची परवानगी आहे."

दुपारी पहिलं पाकीट आलं. आत शाळेची वही, मधून उभी फाडलेली.

१५ मार्च, शनिवार

आज एकतीस.

१९ मार्च, बुधवार

ग्रंथालयाने बाबांचं काम थांबवलं. तीस वर्षं तिथली पुस्तकं बाबांनीच बांधली. ग्रंथपाल काका स्वतः आले, बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "थोडे दिवस जाऊ दे. वरून फोन आलाय." बाबांनी त्यांनाच धीर दिला म्हणे.

दुकानासमोर रस्त्यापलीकडे दोघं-तिघं मोबाइल धरून उभे असतात. बाबा कुलूप काढतात ते शूट करतात. शिंकले तरी शूट करतात. मी आता मागच्या जिन्याने ये-जा करते. त्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर मी राहते, त्याच बापाच्या ताटाशेजारी जेवते, हे कोणाला माहीत नाही. ब्रँडबाईने बजावलंय, "घराची भिंतसुद्धा दिसता कामा नये. वेगळी खोली बघ."

तिला म्हटलं, थांबवायला हवं हे. ती म्हणाली, "तू कुठे काय केलंस? लोक करतायत." आवाजात काळजी होती, पण कसली ते कळलं नाही.

२२ मार्च, शनिवार

खाली गेले. अकरा दिवसांनी पहिल्यांदा. दुकान फाटक्या वह्यांनी भरलंय, कापायच्या मशीनवरसुद्धा ढीग. आणि बाबा त्या दुरुस्त करत बसलेत! पानं जुळवायची, पट्टी लावायची, खळ फिरवायची, वजनाखाली ठेवायच्या. शंभरेक झाल्यात. पाकिटांवरून पत्ते उतरवून घेतलेत, परत पाठवणार म्हणे.

"बाबा, कशाला?"

"कागद चांगला आहे. लेकरांच्या वह्या आहेत गं, आत गणितं आहेत."

मला म्हणायचं होतं, चुकले. तोंडून निघालं, "मास्क लावा, धूळ आहे." भेकड! भेकड मी!

काल एका पाकिटात फाटक्या वहीऐवजी आमच्या घराच्या मागच्या जिन्याचा फोटो होता. बाबांनी तो मला दाखवला नाही. रद्दीच्या टोपलीत मी पाहिला.

२४ मार्च, सोमवार

अकराच्या सुमारास आईची हाक आली, हाक नव्हेच, किंकाळी. एका वहीच्या पुठ्ठ्यात ब्लेड घालून पुठ्ठा वरून पुन्हा चिकटवला होता. बाबांनी सवयीने कड दाबून पाहिली. उजवा अंगठा. खळीच्या भांड्यात रक्त, ओट्यावर रक्त. बाबा मात्र "वह्या बाजूला घ्या, डाग पडतील" म्हणत होते.

डॉक्टरांनी नस जोडली. म्हणाले, हात बरा होईल, पण चिमटीत जोर येईलच असं सांगता येत नाही. सुई धरायची चिमूट ती.

घरी येऊन पाकीट पाहिलं. पुठ्ठा चिकटवलाय तो सफाईने, ज्याला काम येतं अशा कोणीतरी. मीच तर शिकवलंय सगळ्यांना, माझ्या व्हिडिओंत, पायरी पायरीने. पाकिटावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं— 'तुमच्या लेकीच्या वतीने.'

२६ मार्च, बुधवार

बास झालं. खरं सांगणार.

ब्रँडबाई आधी हसली, मग घाबरली. "अगं वेडे, ते शांत होणार नाहीत. फक्त तोंड फिरवतील, तुझ्याकडे. कंपनी उद्याच्या उद्या हात वर करेल. त्या सहाजणींना काय सांगशील?" मी म्हटलं, खरं तेच सांगेन. तिने फोन ठेवला.

दुपारी बसून एकदाच बोलले. बारा वह्या उसवल्या, फाडल्या नाहीत. परत शिवायला लावल्या, म्हणून मला शिवता येतं. तो एक हट्ट नसता तर माझ्या वह्या पहिल्या पावसाळ्यात सुटल्या असत्या. रडले नाही. हा नवा व्हिडिओ उद्या सकाळी दहाची वेळ लावून ठेवलाय, आपोआप जाईल.

आईला दाखवला. तिने पूर्ण बघितला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. किती दिवसांनी! आज जेवण जाईल.

२७ मार्च, गुरुवार

साडेनऊला बाबा खाली गेले. दुकान उघडलं नाही. रस्ता ओलांडून त्या तिघांच्या मोबाइलसमोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "हो, मी फाडल्या. बाराही. पोरगी खरं बोलते. मला माफ करा." पट्टीचा हात पाठीमागे धरला होता. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, आणि एकदाही अडखळले नाहीत.

"काल मी त्यांना तुझं सांगितलं," आई म्हणाली. "तर म्हणाले, ती माणसं मग तिच्या दाराशी येतील. माझ्याच दाराशी असू देत."

दहाला चार मिनिटं कमी होती. आई समोर उभी होती. मी माझा तो खरं सांगणारा व्हिडिओ काढून टाकला.