पायाळू पोरीची लाथ

अप्पा,

आज सकाळी दवाखान्यात अर्धापूरचा एक माणूस माझ्यासमोर कमरेवर दोन्ही हात धरून उभा राहिला. केळीचे घड वाहून वाहून पाठीचं वाटोळं झालेला. मी त्याला नेहमीसारखं विचारत होते, कधीपासून दुखतं, पायात मुंग्या येतात का, संध्याकाळचा ताप येतो का. त्यानं निम्मं ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, ते ऱ्हाऊ द्या. तुम्ही पायाळू हाईत म्हणं. येक लाथ घाला आन् मोकळं करा मला." आणि तो खरोखरच जमिनीवर पालथा पडायला लागला. मी त्याच्यावर इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरचे पेशंट उठून उभे राहिले. हातातला गुडघे तपासायचा रबरी हातोडा मी भिंतीवर फेकून मारला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पेशंटवर मी पहिल्यांदाच अशी धावून गेले, आणि तेही बिचाऱ्या वेदनेनं वाकलेल्या माणसावर. मग पाणी प्याले, त्याची माफी मागितली, एक्स-रे काढायला धाडलं. पाठीत काही वाईट नव्हतं. व्यायाम शिकवला आणि पाठवून दिला.

माझ्या हाताखालच्या नव्या पोरींना पायाळू म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. त्यांना सांगावं लागलं, की जन्मताना डोक्याऐवजी ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि त्यानं लाथ मारली की पाठीत भरलेली उसण निघते असं लोक मानतात. पोरी हसल्या. मग एकीनं मोबाइल काढला. इथं नांदेडात आता कायरोप्रॅक्टिकवाला आलाय, पांढऱ्या कोटात. माणसाला आडवं पाडतो, मान धरतो, हिसडा देतो, कडाक्‌ असा आवाज येतो आणि माणूस हसत उठतो. पोरगी म्हणाली, "मॅडम, ह्यानं जुनं दुखणं खरंच जातं का?" मी पुस्तकातलं खरं तेच सांगितलं. साध्या कंबरदुखीत काहींना थोडा आराम पडतो, काही दिवस, काही आठवडे. व्यायामानंही जवळपास तेवढाच पडतो. पण दुखणं कशाचं आहे ते आधी कळलं पाहिजे, हाड आतून सडलेलं असेल तर हातसुद्धा लावायचा नाही. उत्तर बरोबर होतं. ते देताना मी माझे पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते, एवढंच.

औशाच्या आपल्या घरापुढं मंगळवारी माणसं यायची ती मला अजून दिसतात. तुम्ही मोंढ्यात, धान्याच्या बाजारात हमाल, त्याआधी तालमीतले वस्ताद, आणि आसपासच्या गावांत तुमच्यासारखा हाड बसवणारा दुसरा नाही. तुम्ही पैशाला शिवायचा नाहीत, फक्त एक नारळ. माणसाला उंबऱ्यावर पालथं घालायचं, पाठीवरून उजवा अंगठा फिरवायचा, एका जागी थांबायचा आणि तिथं गुडघा रोवून खांदे मागं ओढायचे. माणूस गुरासारखा ओरडायचा. तुम्ही म्हणायचात, "वरड, पर हलू नको." कुणी हललाच तर पाठ राहिली बाजूला, आधी त्याच्या कानाखाली बसायची. शेवटी मला हाक. मी चार वर्षांची असल्यापासून त्या पाठींवर पाय देत आले. तीन लाथा, डावीकडून उजवीकडं. मोठमोठे मिशांचे बाप्ये रडत उठायचे आणि माझ्या पायाला हात लावायचे. मला ते फार आवडायचं, अप्पा. शाळेत कुणी विचारत नव्हतं, घरी तुमचा हात कधी उठेल त्याचा नेम नव्हता, पण मंगळवारी आख्खा गाव माझ्या पायाखाली असायचा.

आणि खोटं कशाला सांगू, माणसं चालायची. बैलगाडीत घालून आणलेला हमाल आपल्या पायांनी मोंढ्यापर्यंत गेलेला मी पाहिलाय. कुणाचं आठ दिवसांत पुन्हा दुखायला लागायचं, तो पुन्हा नारळ घेऊन यायचा, आणि तुम्ही बरा झालेलाही आपल्या खात्यात धरायचात आणि परत आलेलाही. जे आलेच नाहीत ते कुठं गेले, हे तुम्ही कधी विचारलं नाही. मीही नाही.

मग तो दुष्काळ. आपली विहीर तळाला गेली, आई खडी फोडायला जायला लागली आणि दुपारी टँकरवर. टँकर आला की बायका माणसात राहायच्या नाहीत. केस ओढायच्या, चावायच्या, एकमेकींच्या अंगावर घागरी घालायच्या. अशाच एका भांडणात कुणीतरी आईच्या कमरेत रिकामा हंडा हाणला. त्या दिवसापासून तिची पाठ धरली, आणि म्हणून सगळ्यांनी ठरवलं की दुखणं हंड्याचं. तिला संध्याकाळी कणकण यायची, ती उन्हाची. ती वाळत चालली, ते उपासानं. पाठीच्या मध्यावर एक उंचवटा वर आला तेव्हा तुम्ही त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणालात, "मणका सरकलाय. बसवावा लागंल." आज माझ्यापुढं असा उंचवटा आला तर मी लांबूनच ओळखते. मणका सरकलेला नसतो, आतून पोखरून खाली बसलेला असतो. तुमचा अंगठा खोटा बोलत नव्हता, त्याला फक्त सरकलेलं हाड तेवढं ओळखीचं होतं. तुम्ही चार वेळा गुडघा रोवलात. आई पदराचा बोळा तोंडात घालायची, तो दातांनी फाटायचा. पाचव्या वेळी तिच्या पायांना मुंग्या आल्या आणि पहिल्यांदा तुम्ही गुडघा काढून घेतलात.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालेलं. नवी कचेरी, नव्या पाट्या, आणि सरकारी दवाखान्यात हाडांचा डॉक्टर आलाय अशी बातमी. नाहीतर आधी सोलापूर गाठायला लागायचं. मी हट्ट धरला म्हणून आपण गेलो. डॉक्टर तरुण होता, चिडका होता, पण हुशार. त्यानं पाठीचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाला, "हा हाडाचा क्षय आहे. आजच ॲडमिट करा. औषधानं बरा होईल, पण ह्या पाठीला आता कुणी हात लावायचा नाही." मग त्यानं विचारलं, "चोळलंय कुणी?" तुम्ही छाती काढून म्हणालात, "म्या बसवलंय." तो म्हणाला, "बसवलं नाही, मारायला निघालात बाईला." अप्पा, तुम्ही टेबलावरून हात घालून त्याची कॉलर धरलीत. फोटो हिसकावलात, तो फाटेना तेव्हा दातात धरून फाडलात. वॉर्डबॉयनी तुम्हाला ढकलत बाहेर काढलं, एकाचं नाक तुम्ही फोडलंत. आई बाकावर बसून रडत होती. "मला हितंच ठिवा वो. पाया पडते तुमच्या, हितंच ठिवा." तुम्ही तिला खांद्यावर टाकलंत.

बसस्टँडवर मी म्हणाले, "अप्पा, डॉक्टर दाबू नका म्हणलेत." एवढंच. तुम्ही माझ्या तोंडात मारलीत. ओठ फुटला, शाळेच्या पांढऱ्या पोलक्यावर रक्त उडालं. औशाच्या गाडीची अख्खी रांग बघत होती, त्यात माझ्या वर्गातल्या दोघी. मी रडले नाही. गाडीत पूर्णवेळ मी ओठ चोखत होते आणि तुम्ही मरावं असं मनात म्हणत होते. चौदा वर्षांची होते. इतका राग त्यानंतर मला कधी आला नाही, आजच्या सकाळचा धरूनही.

घरी आलो तेव्हा उन्हं कलायची होती. तुम्ही आईला उंबऱ्यावर पालथी घालता. उंचवट्यापर्यंत अंगठा नेता आणि मागं घेता, हे मी त्या आधी कधी पाहिलेलं नाही. डॉक्टरचं बोलणं तुमच्या पोटात कुठंतरी शिरलंय, पण ते मान्य करायला तुमच्याकडं जागा नाही. तुम्ही गुडघा रोवत नाही. मला खुणेनं जवळ बोलावता आणि कानात म्हणता, "नुसती टाच टेकव. जोर लावू नको. पायाळूचा पाय लागला म्हंजे झालं." आईचं तोंड जमिनीकडं. मी पाय उचलते. पाठीवरचा उंचवटा मला दिसत नाही, मला तुम्ही दिसता, स्टँडवर हात उगारलेले. आणि मी लाथ घालते, पूर्ण ताकदीनं, तुमच्या छाताडात घालावी तशी. तुमच्यावरचा राग मी आईच्या पाठीत घातला, अप्पा. ओली काटकी मोडावी तसा आवाज झाला. आई ओरडली नाही. नुसतं म्हणाली, "पाय कुठं गेले माजे?" तिच्याखाली लुगडं भिजत चाललं होतं आणि तिला ते कळत नव्हतं.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मग केसांना धरून मला आतल्या खोलीत फेकलंत आणि बाहेरून कडी घातलीत. मला वाटलं, आता कुऱ्हाड घेऊन येणार. पण बाहेर शेजारी जमले आणि कुणीतरी विचारलं, काय झालं, तेव्हा दाराच्या फटीतून मी तुमचा आवाज ऐकला. "म्या घातली लाथ. म्याच घातली." पुढं त्याच डॉक्टरच्या पायाशी तुम्ही आईला नेऊन ठेवलंत. त्यालाही तेच सांगितलंत. क्षय बरा झाला, पाय आले नाहीत. मी शिकायला लागल्यावर त्याला मुद्दाम जाऊन भेटले. तो म्हणाला, तो मणका शिंकेनंसुद्धा खचला असता. त्याच्या त्या वाक्याच्या आडोशाला मी किती वर्षं काढली, ते तुम्हाला सांगून काय उपयोग.

आईला दवाखान्यातून घरी आणलं आणि उदगीरहून मामा आले ते तिघं. त्यांनी तुम्हाला अंगणात ओढलं. काठीनं, मग काठी मोडल्यावर चपलांनी, मग दगडानं. धाकट्या मामानं तुमचा उजवा हात पायरीवर धरला आणि अंगठा ठेचला. "ह्येनंच बसवत होतास न्हवं?" असं म्हणत ठेचला. कुस्तीत तिघांना एकदम लोळवणारा माणूस तुम्ही. हात वर केला नाहीत. तोंडातून रक्त येत होतं आणि तुम्ही म्हणत होता, "मारा, मारा." मी दाराआडून बघत होते. मी ओरडून सांगू शकत होते. मला भीती वाटली, आणि भीतीच्या खाली थोडं बरंही वाटलं. तुमच्यावर पडणारा प्रत्येक फटका माझ्यावर पडत नव्हता.

त्यानंतर तुम्ही कुणाच्या पाठीला हात लावला नाहीत. कुणी नारळ घेऊन आला तर तोच नारळ त्याच्या मागं भिरकावायचात. एकाचं डोकं फुटलं. मला तुम्ही शिकवलंत, आधी लातूरला, मग नांदेडला. पाठीचीच विद्या का घेतली हे कधी विचारलं नाहीत. अकरा वर्षं आईला पाठुंगळी घेऊन न्हाणीत नेलंत, उन्हात बसवलंत, कूस बदललीत, ठेचलेल्या अंगठ्यानं तिची वेणी घातलीत, वाकडी यायची. आणि आई तुमच्याशी एक शब्द बोलली नाही. माझ्याशी बोलायची, शेजारणींशी हसायची, तुम्ही आलात की डोळे मिटायची. एकदा सुट्टीत मी आले तर तुम्ही गोठ्यामागं नेऊन विचारलंत, "तुजी माय माज्याशी कामून बोलत न्हाई गं? लाथंचं तर तिला ठावंच हाय. मग फोटो फाडला म्हणून का?" मी म्हणाले, "तिला बोलायला तकलीफ होती." तुम्ही मान हलवलीत. आई गेली तेव्हाही तुम्ही तिच्या तोंडाकडं बघत बसला होतात, ती अजून काही म्हणेल अशा आशेनं.

ती फोटोसाठी गप्प नव्हती, अप्पा. मामा मारून गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही पाणी आणायला गेलेले असताना, तिनं मला खाटेजवळ बोलावलं होतं. "खरं सांग," म्हणाली. "मला टाच बारकी लागली. तुजी व्हती का?" आवाजात राग नव्हता. माझा हात तिनं हातात घेतला होता, मी हो म्हणाले असते तरी तिनं तो सोडला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं. मेल्यावर तुम्ही गेलात तिथला पत्ता असता तरी मी हे पत्र टाकलं नसतं, कारण मी तिला म्हणाले, "न्हाई आई. अप्पांची."