बसच्या बदल्यात कॅचर

हॉलिस बेंड, नेब्रास्का
९ जून १९५८

चि. रूडी यास,
व्लास्ताताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सर्व क्षेम आहे, फक्त आपली बेसबॉलची टीम मरायला टेकली आहे. तारीखही ठरली. ३१ ऑगस्टच्या रविवारी शेवटचा सामना. लीगच बंद होते आहे. लोक घरी टीव्हीवर न्यूयॉर्कचे खेळाडू फुकट बघतात, मग आमच्या पोरांची धडपड तिकीट काढून कोण बघणार? गेल्या मंगळवारी प्रेक्षकांपेक्षा खेळाडू जास्त होते. प्रेक्षकांतही आमचे पाद्रीबाबा झोपलेले.

बाबांच्या मागे क्लबची अध्यक्ष मी, त्यामुळे शेवटच्या दिवशी वाटायचा टीमचा इतिहास माझ्याच गळ्यात पडला. सुरुवातीची वर्षं लिहून झाली. बाबांनी सॉसेजचं दुकान सांभाळून १९२२ साली टीम काढली. मैदान आखलं भल्या सकाळी, ऊन पाठीवर घेऊन. सामने संध्याकाळी असतात हे लक्षात आलं तोवर बाकं ठोकून झाली होती. तेव्हापासून मावळतीचं ऊन फलंदाजाच्या आणि प्रेक्षकांच्या थेट डोळ्यांत येतं, खेळ थांबतो, आणि ऊन उतरेपर्यंत सगळं गाव कपाळावर हात धरून जॅम भरलेले गोड कोलाचे-पाव खातं. १९३१ साली आपण अजिंक्य ठरलो, कारण समोरची टीम दुसऱ्याच हॉलिसला जाऊन बसली. हेही लिहिलं आहे, जरा सजवून.

आता १९३९ आलं आणि पेन अडलं. ते वर्ष तू लिही. खरं सांगू का? लिहिणं हे निमित्त. मैदानात मका पेरला जायच्या आधी तू एकदा त्या फाटकातून आत यावंस, एवढंच मला हवं आहे. दफनभूमी आपल्या उजव्या कुंपणाला लागून, तरी बाबांना निरोप देताना तू मैदानाकडे पाठ करून उभा राहिलास. सगळ्या गावाने पाहिलं, आणि मीही पाहिलं.

नेड्याला मावशीचा पापा. लोभ आहेच, येण्याचं मनावर घे.
तुझी,
व्लास्ताताई


मॅकब्राइड, कॅन्सस
१९ जून १९५८

ती. व्लास्ताताईस,
रूडीचा सा. न. वि. वि.

पत्र पावलं. नेड्याची मावशी नव्हे, आत्या लागतेस तू. इतिहास लिहिणाऱ्या बाईने नाती तरी सांभाळावीत.

१९३९चा इतिहास असा: त्या साली अध्यक्षांनी आपला कॅचर, म्हणजे फलंदाजामागे उकिडवा बसून चेंडू झेलणारा सख्खा मुलगा, मॅकब्राइडच्या टीमला दिला आणि बदल्यात एक जुनी बस घेतली. एवढं पुरे. सजवायचंच असेल तर बस सजव.

तपशील हवे असतील तर तेही घे. रविवारी जेवताना बाबांनी माझ्याकडे आंबट कोबीचं भांडं मागितलं आणि त्याच दमात सांगितलं की उद्यापासून तू मॅकब्राइडचा. मला वाटलं, गंमत. आई ताटावरून उठून आत गेली तेव्हा कळलं. कोबी मी दिला, हे मुद्दाम नमूद करतो. दुसऱ्या दिवशी आपला सामना मॅकब्राइडलाच होता. तेव्हा स्वतःच्याच किमतीत बसून मी स्वतःला पोहोचवायला गेलो. वाटेत टीममधला फ्रँटा तेवढा बोलला, की सीट मऊ आहेत.

खेळाडूंच्या अदलाबदली होतात, माझी तक्रार नाही. पण माणसाच्या बदल्यात माणूस घ्यावा. माझ्या हार्डवेअरच्या दुकानात येणारे अजून विचारतात, टायर तरी बरे होते का. तेव्हा फाटकातून निघताना मी बोललो होतो की क्लबने परत बोलावल्याशिवाय इथे पाय ठेवणार नाही. बाबांनी काही बोलावलं नाही. आता पाहुणा म्हणून येऊन टाळ्या वाजवू? ते माझ्याने होणार नाही.

जो भावोजींना नमस्कार. माझ्यावर राग धरू नकोस, धरलास तर पत्राने कळव.
तुझा,
रूडी


हॉलिस बेंड
२ जुलै १९५८

चि. रूडी यास, अनेक आशीर्वाद.

आत्या तर आत्या. पापा पोचला ना? तुझं पत्र वाचून आधी हसले, मग रडले, आणि जोने विचारलं तेव्हा कांद्यावर ढकललं. घरात कांदा नव्हता.

तुला कुणी सांगितलं नाही म्हणून सांगते. त्या आठवड्यात टीमची जुनी गाडी जळाली होती. परगावच्या सामन्याला पोचलो नसतो तर लीगने आपल्याला तिथल्या तिथे काढून टाकलं असतं. बाबा चार गावांचे उंबरे झिजवून आले. मॅकब्राइडवाल्यांची एकच अट होती: कॅचर द्या, आणि बरा द्या. आपल्याकडे कॅचर दोन. एक तू, दुसरा माझा नवरा. जोच्या बदल्यात सायकलसुद्धा मिळाली नसती, असं तो स्वतःच म्हणतो.

त्या बसने अकरा हंगाम टीम वाहिली. बाबा तिच्यात एकदाही बसले नाहीत. सॉसेजची गाडी घेऊन मागून यायचे, सगळी धूळ खात. विचारलं तर म्हणायचे, बसमध्ये मळमळतं. त्यांना बोटीत कधी मळमळलं नाही, आगगाडीत नाही, आणि जोच्या आईच्या हातचं जेवूनही नाही.

इतिहासासाठी मी मॅकब्राइडच्या तेव्हाच्या अध्यक्षांना, तुमच्या ऑर्विल टॅगना, फोन केला. अदलाबदल नुसत्या बसची नव्हती, हे तू सोयीस्कर विसरतोस. बस, आणि वर एक खेळाडू, ज्याचं नाव मागाहून ठरवायचं. आपल्या खेळात हे नेहमीचंच. ते नाव कधी ठरलंच नाही. टॅग म्हणाले, बाबांचा दर वसंतात फोन यायचा. आधी विचारायचे, पोराचा गुडघा कसा आहे. मग म्हणायचे, नावाचं अजून ठरत नाही. आणि फोन ठेवायचे. एकदा टॅगच वैतागून म्हणाले, घेऊन जा हो तुमचं पोरगं. त्यावर बाबा म्हणाले, भरल्या ताटावरून मीच उठवलं, आता त्याने आपणहून मागितल्याशिवाय कोणत्या तोंडाने बसवू?

तू बोलावण्याची वाट बघत बसलास, ते मागण्याची. गाढवांचासुद्धा याहून लवकर समेट होतो.

आता तरी शहाणा हो. माया आहे तशीच आहे.
व्लास्ताताई


मॅकब्राइड
१५ जुलै १९५८

ती. ताईस, सा. न.

टॅग खिळे घ्यायला आले होते. विचारलं. सगळं खरं आहे म्हणाले. एकाच गावात राहून इतकी वर्षं मला का सांगितलं नाहीत, असं विचारलं तर म्हणाले, तू कधी विषय काढलास? मी त्यांना गंजलेले खिळे दिले.

मला वाईट वाटलं, ताई. फार वाईट वाटलं. दुकान लवकर बंद केलं आणि मागे जाऊन बसलो. बायको विचारत होती, पोट बिघडलं का. हो म्हटलं.

पण त्याने काय बदलतं? शब्द मोडायला माझी ना नाही, पण ज्यांनी बोलवायचं ते आता कुंपणापलीकडे आहेत. पाहुणा म्हणून मी येणार नाही. इतिहासात १९३९ला लिही: बस आली. ते खोटं नाही.

तब्येतीस जप, आणि माझ्यासाठी जागा धरू नकोस.
रूडी


हॉलिस बेंड बेसबॉल क्लब
५ ऑगस्ट १९५८

श्री. रूडॉल्फ सेडलाचेक, कॅचर, यांसी,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

१९३९ साली झालेल्या अदलाबदलीत मॅकब्राइड क्लबकडून एक खेळाडू येणे आहे. नाव मागाहून ठरवायचे होते, ते या क्लबने आता ठरवले आहे. ते आपले आहे. मॅकब्राइडचा क्लब बंद पडून वर्षे लोटली, तरी त्याच्या अध्यक्षपदाचा राजीनामा श्री. टॅग यांनी कुणाकडे दिलेला नाही, कारण घ्यायला कुणी उरले नव्हते. त्यांची संमती आली आहे. लीगच्या चिटणीसांनी मंजुरी दिली असून, यंदा आनंदाने सही केलेला हा एकच कागद, असे ते म्हणाले.

आपण ३१ ऑगस्ट रोजी मैदानावर खेळाडू म्हणून हजर व्हावे. हातमोजा स्वतःचा आणावा. क्लबचा उंदरांनी खाल्ला आहे. हजर न झाल्यास व्यवहार मोडला असे समजून बस परत करावी लागेल. सध्या तिच्यात कोंबड्या राहतात.

कळावे. क्लबचा आपल्यावर लोभ होताच. तो सांगायला अंमळ उशीर झाला.
व्लास्ता कुचेरा,
अध्यक्ष

ता. क. आता तरी ये रे.


मॅकब्राइड
४ सप्टेंबर १९५८

ती. व्लास्ताताईस,
रूडीचा सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. डब्यातले कोलाचे नेड्याने वाटेतच संपवले.

त्या दिवशी मी उशिरा का आलो ते सांगायचं राहिलं. गाडी वेळेवर होती. फाटकापर्यंत आलो आणि पाय उचलेना. म्हटलं, आधी बस बघावी. म्हणून कुंपणाला वळसा घालून मागे गेलो. माझ्या सीटवर एक तपकिरी कोंबडी होती, ती उठली नाही. तिथून मागच्या दाराने मैदानात शिरलो, तर तुमचा खेळ उन्हासाठी थांबलेला. सगळं गाव कपाळावर हात धरून माझ्याकडे बघत होतं आणि पाठीमागच्या उन्हामुळे मी कुणालाच दिसत नव्हतो. जो भावोजी मला गवत कापणारा समजून ओरडले की आज गवत राहू दे, कोलाचे संपले. तूच काय ती उठून उभी राहिलीस. कशावरून ओळखलंस? लंगडण्यावरून असेल.

शेवटच्या डावात तू मला उतरवलंस, आणि कसा खेळलो ते गावाने पाहिलंच. दोन चेंडू पायांखालून गेले. तिसरा कसा हातमोज्यात आला ते मला ठाऊक नाही. आपण नऊ-दोन हरलो. इतिहासात हेही सजवशील. टाळ्या वाजल्या तेव्हा मी हातमोज्यात तोंड घातलं होतं. घाम पुसत होतो असं नेड्याला सांगितलं आहे, तेवढं तूही सांभाळून घे.

निघताना उजव्या कुंपणापलीकडे जाऊन आलो. एकटाच गेलो. बाबांना सांगितलं, गुडघा बरा आहे. तो बरा नाही. सुजून कोबीच्या गड्ड्याएवढा झाला आहे. पण इतक्या वर्षांनी भेटल्यावर दुखणी काय सांगायची? मैदानाकडे तोंड करून बराच वेळ बसलो.

आता कामाचं. खेळाडूला टीममधून मोकळं करायचं तर क्लबला तसा कागद काढावा लागतो. मला कुणी काढून दिलेला नाही. क्लब सोमवारी बुडाला, लीगही बुडाली, तेव्हा यापुढे तो काढायला कुणी उरलेलं नाही. टॅगना दाखवून घेतलं, तेही हेच म्हणाले. म्हणजे मका पेरा नाहीतर काही पेरा, मी मरेपर्यंत हॉलिस बेंडचाच कॅचर. इतिहासात १९३९ला माझं वाक्य राहू दे. खाली १९५८ला एवढंच लिही की बाबांनी नाव ठरवलं.

नाताळाला येतो. तेव्हा आंबट कोबी कर, आणि भांडं माझ्या हाताशी ठेव.
तुझा,
रूडी