पहिल्या खिंडीतून परत

बाबा, आज पत्राच्या डोक्यावर जयभीम लिहिलेलं नाही, कारण ते लिहिलं की पुढं गोडीनं बोलावं लागतं आणि मला आज भांडायचं आहे. तुम्ही गेलात त्याला कितीतरी वर्षं झाली. तरी कारगिलहून लेहला जाणाऱ्या वाटेवरच्या पहिल्याच खिंडीतून मी सगळ्या घराला मागं फिरवलं, त्याबद्दल तुम्ही मला शेवटपर्यंत माफ केलं नाहीत, हे मी विसरलेले नाही. माफी मागायला बसलेय असंही समजू नका. तीच बस, तीच खिंड, तीच माणसं पुन्हा समोर आली तरी मी तुम्हाला खालीच आणीन.

मी नऊ वर्षांची असताना तुम्ही मला पहिल्यांदा माथेरानला नेलंत. नेरळच्या आपल्या वस्तीतून तुम्ही रोज डोंगर पायी चढून जायचात आणि वर दिवसभर हातरिक्षा ओढायचात. त्या दिवशी अर्ध्या वाटेत मला दम लागला आणि मी एका दगडावर बसून तोंड उघडं टाकून धापा टाकायला लागले. तुम्ही मागं वळून बघता. तुमचं तोंड मिटलेलं, नाकपुड्या तेवढ्या हलतायत. "तोंड मिट आधी. ऊठ. आपल्याला असा दम खाऊन चालत नाय गं," म्हणता. मग माझं रडवेलं तोंड बघून जरा नरमता आणि तुमच्या धंद्यातली खुबी सांगता. "गिऱ्हाइकाला आपला दम दिसता कामा नाय. दिसला का ते दुसऱ्याची रिक्षा धरतंय. लयच लागला तं बुटाची नाडी सुटली म्हनायचं, खाली वाकायचं, तेवढ्यात दोन दम खायाचे." एका पाहुण्यानं टाकून दिलेले नाडीचे बूट रिक्षावाल्यांत एकट्या तुमच्याच पायात होते, म्हणून ही खुबीही एकट्या तुमचीच. तेव्हा मला तुमचं केवढं कौतुक वाटलं होतं! आता रिक्षात आरामात बसून माणसाचा श्वास दिसू नये म्हणणाऱ्या त्या लोकांचा संताप येतो.

लेहचं वेड तुमच्या डोक्यात कधी शिरलं तेही मला माहीत आहे. आपण बौद्ध झालो तेव्हा मी शाळेत जायला लागले होते. त्यानंतर वीस वर्षं कर्जतच्या बाजारात तो दुकानदार तुम्हाला विचारायचा, "काय, नव्या धर्माचं कसं चाललंय?" वीस वर्षांत त्याच्या दुकानाचा मालक बदलला, पाटी बदलली, आपण मात्र नवेच. कुठल्याशा कॅलेंडरवरचं डोंगरावरच्या मठाचं चित्र तुम्ही कापून तांदळाच्या कणगीवर चिकटवलं होतंत. "तिथली मानसं हजार वर्सांपास्नं बौद्ध हायेत. तिथं आपल्याला कोन नवं म्हननार नाय," असं तुम्ही आल्यागेल्याला सांगायचात. म्हणून दादाला रस्त्याच्या कामावर कारगिलला नेमणूक मिळाली तेव्हा त्याच्यापेक्षा तुम्हीच जास्त नाचलात. पुढच्याच उन्हाळ्यात आपण निघालो: तुम्ही, आई, वहिनी, दादाची सहा वर्षांची पोर आणि मी. खालापूरकडच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, म्हणून सगळ्यांच्या तब्येतीची जबाबदारी आपोआप माझ्यावर आली.

कारगिलला दादाच्या छावणीतल्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं. उंचावर हवा विरळ असते, अंगाला तिची सवय व्हायला वेळ लागतो, तेव्हा दोन दिवस नुसतं बसायचं, घोट घोट पाणी प्यायचं, हळू चालायचं, थंड पाण्यानं आंघोळ करायची नाही. मी हे सगळ्यांना दटावून सांगितलं. आईनं ऐकलं, पण ती दुसऱ्याच गोष्टीनं हैराण होती. घरून पिशवी भरून आणलेला तांदूळ स्टोव्हवर तासभर ठेवला तरी आत कच्चाच राहायचा. "भात शिजत नाय तो कसला गं गाव?" ती विचारायची. शेवटी तिनं तांदूळ सकाळपासून भिजत घातला आणि संध्याकाळी बऱ्यापैकी भात करून दाखवला. वाढताना तुम्हाला म्हणाली, "आवो, तांदलाला बी हितं बसून ऱ्हावं लागतंय, तुमी काय त्याच्याऊन मोठं?" तुम्ही हसलात. त्या दोन दिवसांत तुम्ही थंड पाण्यानं आंघोळ केलीत, सगळ्यांचे कपडे धुतलेत आणि दोन्ही दिवस पाठीमागची टेकडी चढून आलात. मी ओरडले तर म्हणालात, "अगं, सारी हयात माथेरान चढलेला मानूस हाय मी." पाच माथेरानं एकावर एक रचली तरी वाटेतली मोठी खिंड त्याहून वर जाईल, हे तुमच्या डोक्यात शिरेना. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्हाला कोरडा खोकला होता. धूळ गेली म्हणालात, आणि मी ते खरं मानलं.

बस चढायला लागली तशी पोर वळणांनी बेजार झाली आणि माझ्या मांडीवर ओकली. खिंडीत बस इंजिन थंड करायला थांबली. रस्त्याकडेला दगडांचा ढीग आणि त्यावर रंगीत पताका होत्या. तुम्ही हात जोडायला उतरलात. मी खिडकीतून बघत होते. पाच-दहा पावलं चालून तुम्ही वाकलात आणि बुटाची नाडी बांधायला लागलात. थोडं चालून पुन्हा वाकलात. नाडी सुटलेली नव्हती, मला दिसत होती ना ती! त्या ढिगापाशी पोचेपर्यंत तुम्ही तीनदा वाकलात, आणि सगळा वेळ तोंड घट्ट मिटलेलं. परत येऊन बसलात तेव्हा जांभळं खाल्ल्यासारखे ओठ झाले होते. मी नर्स झाले तेव्हा तुम्हीच दिलेलं घड्याळ माझ्या मनगटावर होतं. ते बघत मी तुमच्या छातीचे हेलकावे मोजले. सेकंदकाटा एक फेरी पुरी करायच्या आत मी तिसाच्या पुढं गेले होते.

"बाबा, परत जायचं," मी म्हटलं.

"का? अजून एक खिंड, मग मठ दिसतोय. कंडक्टर म्हनला."

"ती याहून उंच हाय."

"मंग आसंना का."

तुम्हाला खरं सांगितलं असतं तर तुम्ही खाली उतरून पुढं चालायला लागला असतात, एवढं मी तुम्हाला ओळखत होते. स्वतःसाठी तुम्ही पाऊलभरही मागं आला नसतात. नातीसाठी आला असतात. म्हणून मी पोरीला उचललं आणि म्हटलं, "हिला वारं सोसत नाय. आत्ताच्या आत्ता खाली न्यायची हाय."

"वळनं लागलीत तिला. लिंबू चोखाय दे."

"नर्स कोन हाय, तुमी का मी? उतरा म्हनते ना!"

भर बसमध्ये मी तुम्हाला दम दिला. सगळे उतारू बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा मी तुमच्यावर आवाज चढवला आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही, आजही वाटत नाही. खाली जाणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आपल्याला घेतलं. खाली उतरता उतरता तुम्हाला ग्लानी आली, तेव्हा कुठं तुमचं तोंड उघडलं आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत धापा टाकायला लागलात. कारगिलला डॉक्टरांनी तुमची छाती तपासली, नळीनं हवा दिली आणि तुम्हाला कळू नये म्हणून मला इंग्रजीत सांगितलं की फुप्फुसात पाणी होतं, पुढची खिंड ओलांडली असती तर माणूस हाती लागला नसता. मी तुम्हाला थंडी बाधली म्हणून सांगितलं. आईला मात्र खरं सांगितलं. ती पदराला हात पुसत राहिली आणि म्हणाली, "त्यांना नको सांगू गं. आपला दम तुटला ह्ये सोसायचं नाय त्यांना. घरी नेऊन जगाय द्यायचंय."

घरी आल्यावर तुम्ही कणगीवरचं चित्र काढलंत. माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायला लागलात. कुणी विचारलं की सांगायचात, "नातीला चढ सोसला नाय, नर्सबाई घाबरली." त्यानंतर तुम्ही सहा वर्षं जगलात, बाबा. त्या सहा वर्षांत दादाच्या मुलाचं बारसं झालं, वस्तीतल्या विहाराची भिंत तुम्ही उभं राहून बांधून घेतलीत, माझ्याशी अबोला धरायलासुद्धा तुम्ही जिवंत होतात. ती वर्षं मी तुमच्या मनाविरुद्ध मिळवली आणि मला त्यांचा अभिमान आहे. आणि त्या दुकानदाराचं म्हणाल तर त्याला दाखवायला तुम्ही खिंडीत मरायची काही गरज नव्हती. नवे तर नवे. मला तो शब्द कधी टोचलाच नाही, तुम्हीच तो उगाच छातीशी धरून बसलात.

इथपर्यंत मी एक शब्दही मागं घेत नाही. पण एक गोष्ट राहते. तुम्ही पोरीला जवळ घ्यायचात, डोक्यावर हात ठेवायचात आणि म्हणायचात, "तुझ्यापायी ऱ्हायलं बघ माझं." तुम्ही ते मायेनं म्हणायचात. ती मान खाली घालायची आणि मी तिथंच भाजी निवडत बसलेली असायचे. शाळेची सहल माथेरानला निघाली तेव्हा ती गेली नाही. लग्नानंतर नवऱ्यानं कुठं थंड हवेला जाऊ म्हटलं तरी नाही म्हणाली. परवा तिच्या मुलीनं हिमालयात जायचा हट्ट धरला, तर माझ्या देखत तिला म्हणाली, "तू जा गं. मला चढ सोसत नाही, लहानपणी आमच्या आजोबांचं लेह माझ्यामुळंच राहिलं." मी चहा पीत होते. पीत राहिले.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं होतं. तुम्हाला लिहिलं, कारण तुम्ही वाचणार नाही.